'हाउस ऑफ द रायझिंग सन': केरवा सोडा, दादरा धरा

गिटार शिकणाऱ्याला पहिल्या वर्षात कोणी ना कोणी हे गाणं दाखवतंच. कॉर्ड पाचच, आणि एफ सोडली तर सोप्या. तरी गॅदरिंगमध्ये किंवा गणपतीतल्या कार्यक्रमात ते वाजायला लागलं की बहुतेक वेळा पहिल्या ओळीतच लंगडतं. कारण एकच, मुलं ते केरव्यात, म्हणजे चार-चारच्या ठेक्यात धरतात. 'द ॲनिमल्स' या इंग्लिश बँडने १९६४ साली जे गाणं जगभर नेलं ते सहा मात्रांचं आहे. आपला दादराच.

सहा मात्रांच्या एका आवर्तनाला एक कॉर्ड. मेट्रोनोम तीन मात्रांना एक ठोका असा लावा, मिनिटाला ५० ठोक्यांपासून सुरू करा आणि हात बसला की ७५ ते ८० च्या दरम्यान न्या. दादऱ्यात चौथी मात्रा खालीची, म्हणून तबलजी ती हलकी धरतो. इथे ती उचलून वाजवायची, चाटीवर स्वच्छ 'ना'. तेवढ्यानेच भजनाची चाल जाऊन गाण्याची चाल येते.

गिटारवर सहा मात्रांना सहा तारा छेडायच्या: खर्जाची तार, मग तिसरी, दुसरी, पहिली, दुसरी, तिसरी. खर्जाची तार ए मायनर आणि सीला पाचवी, डी आणि एफला चौथी, ईला सहावी. ॲनिमल्सच्या हिल्टन व्हॅलेंटाइनने त्यांच्या रेकॉर्डवर हे पिकने वाजवलं आहे, आणि त्याचा क्रम याहून थोडा दाट आहे. पण आधी हा साधा क्रम न अडखळता पाच मिनिटं चालला पाहिजे.

कॉर्डचा क्रम असा. पहिली ओळ: ए मायनर, सी, डी, एफ. दुसरी: ए मायनर, सी, ई, ई. तिसरी पहिलीसारखीच. गोची चौथ्या ओळीत आहे. तिथे ए मायनर आणि ई अशी दोनच आवर्तनं आहेत. गायकाचा शेवटचा शब्द ज्या ए मायनरवर पडतो, तोच मधल्या वादनाचा पहिला ए मायनर: ए मायनर, सी, डी, एफ, ए मायनर, ई, ए मायनर, ई. चौथी ओळ चार आवर्तनांची करून मग वादन वेगळं सुरू केलं की दोन आवर्तनं वाढतात. गायक पुढच्या कडव्यात शिरतो आणि गिटारवाला अजून मागेच असतो. कडवं आणि वादन मिळून बावीस आवर्तनं. मोजूनच बसवा.

आता पेटी. कोकणात वाडीवाडीत भजनी मंडळ आहे आणि मंडळात पेटी आहे, मग ॲनिमल्सच्या ॲलन प्राइसच्या व्हॉक्स कॉन्टिनेंटल ऑर्गनसाठी हळहळायचं कारण नाही. पांढरी सहाला सा धरा. डावा हात भात्यावर, म्हणून कॉर्ड उजव्या हाताच्या तीन बोटांत बसल्या पाहिजेत:

ए मायनर: सा, कोमल ग, प.
सी: खालचा कोमल नी, कोमल ग, प. फक्त अंगठा सरकतो.
डी: खालचा शुद्ध ध, सा, म.
एफ: खालचा कोमल ध, सा, कोमल ग.
ई: खालचा प, खालचा शुद्ध नी, शुद्ध रे.

अंगठ्याखालचे स्वर बघा: सा, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध आणि शेवटी प. शुद्ध धैवतामागोमाग लगेच कोमल धैवत येतो तिथे या गाण्याचा जीव आहे. डीच्या जागी डी मायनर वाजवणारे बरेच आहेत. त्यात शुद्ध ध निघून जातो, उतरण मोडते आणि गाणं कुठल्याही रडक्या गाण्यासारखं होतं.

ही उतरण ॲनिमल्सची नव्हे. गाणं मूळचं अमेरिकेतलं लोकगीत. १९३३ मध्ये क्लॅरेन्स ॲशली आणि ग्वेन फॉस्टर यांनी ते रेकॉर्ड केलं, १९३७ मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने केंटकीत जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या मुलीच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलं. अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरणारा खर्ज न्यूयॉर्कच्या डेव्ह व्हॅन राँक या लोकगीत-गायकाने बसवला. त्याची मांडणी बॉब डिलनने उचलून १९६२ च्या आपल्या पहिल्या अल्बमवर घातली. ॲनिमल्सनी १८ मे १९६४ ला लंडनमध्ये एकाच टेकमध्ये ते वाजवलं, आणि मग लोक डिलनलाच म्हणू लागले की हे ॲनिमल्सचं घेतलंस. व्हॅन राँकच्या वाट्याला मात्र फारसं काही आलं नाही, याचं वाईट वाटतं.

हे गाणं गाणाऱ्या बाकीच्यांमध्ये अमेरिकन गायिका नीना सिमोन ऐकाच. १९६२ च्या व्हिलेज गेटच्या अल्बमवर ती हे अगदी संथ गाते, आणि १९६८ मध्ये तेच गाणं धावत म्हणते. ज्यांना केरवाच हवा त्यांच्यासाठी फ्रिजिड पिंक या बँडची फझ (फाटक्या आवाजाच्या) गिटारवाली चार-चारची आवृत्ती आहे. ती जोरकस आहे, पण तिच्यात आर्पेजिओ, म्हणजे वर दिलेलं एकेक तार सुटी छेडणं, नाही. दोन्हींची भेळ करू नका. फ्रेंच गायक जॉनी हॅलिडेने १९६४ मध्येच फ्रेंचमध्ये त्याचं तुरुंगाचं गाणं केलं.

शब्दांचंही आधी ठरवा. जॉर्जिया टर्नरच्या आणि डिलनच्या पाठात बोलणारी बाई आहे, ॲनिमल्सनी तिच्या जागी मुलगा बोलता केला आणि जुगारी बाप आणला. गाणारी मुलगी असेल तर जुना पाठ घ्यावा, तो अधिक खरा लागतो.

एफ जमत नाही म्हणून पुष्कळ जण इथेच सोडून देतात. पूर्ण बार धरू नका. चौथी तार तिसऱ्या पट्टीवर, तिसरी दुसऱ्या पट्टीवर, पहिली-दुसरी पहिल्या पट्टीवर एका बोटाने. पाचवी-सहावी वाजवायचीच नाही. तरीही तार दबत नसेल तर दोष बोटांचा नसून हवेचा असू शकतो. मिरग लागला की ॲकॉस्टिक गिटारचं लाकूड दमट हवेने फुगतं, ब्रिजजवळ पोट येतं आणि तारा वर उचलल्या जातात. पावसात गिटार चिऱ्याच्या भिंतीवर टांगू नका. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्या ओलावल्या की बदला. खाऱ्या वाऱ्याने पहिली-दुसरी तार आधी गंजते, आणि या आर्पेजिओत त्याच दोन तारा सतत वाजतात. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसा. बोटाला खरखर लागली की तार बदलायची, तुटायची वाट बघायची नाही.