पोपटाचा पोपट

पोपटी रंग आपल्याला इतका पाठ झालाय की पोपट म्हटलं की हिरवाच डोळ्यासमोर येतो, पण पोपटाच्या पिसात हिरवा रंगच नसतो म्हणे! असतो तो पिवळा, आणि पिसातली बारीक स्पंजासारखी रचना उजेडातला निळा तेवढा परत पाठवते, की दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. काकाकुव्यांकडे ही निळ्याची करामतच नाही, म्हणून हिरवा काकाकुवा कुठे सापडत नाही.

रंगावर भरवसा ठेवून शास्त्रज्ञांचाही पोपट झालाय. न्यू गिनीकडच्या एक्लेक्टस पोपटात नर हिरवागार आणि मादी लालभडक, त्यामुळे नवराबायकोची नोंद बराच काळ दोन वेगळ्या जाती म्हणून होती.

मग पोपट ओळखायचा कशावरून, तर पाय बघा. परवा खिडकीच्या गजावर एक येऊन बसला, एका पायात शेंग धरलेली, दोन बोटं पुढे दोन मागे, आणि ती शेंग अगदी आईस्क्रीमच्या कोनासारखी तोंडाशी नेत होता. दाणा फोडताना वरची चोच चक्क वर उचलली जात होती, बिजागरीवर असल्यासारखी (आपला वरचा जबडा हलवून बघा बरं!). मी चहा गार होईपर्यंत बघत बसले.

सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने 1758 साली सगळे पोपट सिटॅकस या एकाच नावाखाली कोंबले होते. आता जाती 400च्या आसपास आणि त्यांची कुळं नेमकी किती यावरून अजून वाद आहेतच. न्यूझीलंडचे केआ, काका आणि न उडणारा, रात्री हिंडणारा काकापो यांचं घर वेगळं, काकाकुव्यांचं वेगळं. दक्षिण अमेरिकेकडचे मकाव पोपट आणि आफ्रिकेतला राखाडी पोपट एकमेकांचे नातलग, मधे अख्खा अटलांटिक असला तरी. आणि लव्हबर्ड, बजी, गळ्यात कंठ असलेला आपला राघू हे आणखी वेगळ्याच घरातले.

पण मला खरा धक्का बसला तो 2008च्या जनुकीय अभ्यासाचा. त्यात ससाणा हा गरुड-घारींपेक्षा पोपटाच्या जवळचा निघाला! बाकदार चोच बघून आपण त्याला कुठल्या कुठे बसवला होता.

खिडकीतल्या पाहुण्याला अर्थात यातलं काही पडलेलं नव्हतं. साल माझ्या कट्ट्यावर टाकली आणि ओरडत निघून गेला. समोर ससाणा आला असता तर नातेवाईक म्हणून काही थांबला नसता.