आईला का सांगितलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि याआधी मामांनी, शेजाऱ्यांनी, दादाने कितीदा तरी विचारलं म्हणून, एकदा लिहूनच टाकते. "आईला कॅन्सरचं सांगायची काय गरज होती? तिने धीरच सोडला."

स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरला होता. पित्तनलिकेत स्टेंट टाकून कावीळ उतरवली, तेव्हा 'खडा काढला' असं तिला सांगितलं गेलं. आई पूर्ण शुद्धीत होती, चष्मा लावून पेपर वाचत होती, तरी संमतीपत्रावर सही दादाची. तिथवर मीही गप्प होते.

मग केमोचा दिवस आला. सिस्टर शीर शोधत होत्या. आईने हात मागे घेतला. "खडा काढला ना? मग हे सलाईन कशाचं?"

"ताकदीचं आहे," दादा म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. "तू सांग."

मी आधी विचारलं, "आई, तुला सगळं ऐकायचंय, की आम्ही डॉक्टरांशी बोलून बघून घेऊ?"

"मी इथे बसलेली असताना तुम्ही काय बघून घेणार?"

मग सांगितलं. आजाराचं नाव, तो कुठवर पसरलाय, आणि या औषधाने तो बरा होणार नाही, काही काळ आटोक्यात राहील, हेही. ती बोटातली अंगठी फिरवत राहिली. अंगठी सैल झाली होती. मग म्हणाली, "दादाला कधीपासून माहीत होतं?" कोणीच बोललं नाही. तिने डॉक्टरांना बोलावून घेतलं, तिला हवं ते सगळं विचारलं आणि केमोला नाही म्हटलं. दुखणं कमी करणारी औषधं तेवढी शेवटपर्यंत घेतली.

ती खचली, हे खोटं नाही. त्या रात्री रडली, नंतर काही दिवस कोणाशी धड बोलली नाही. पण जेवण आधीच सुटलं होतं, वजन आधीच उतरलं होतं. ते आजाराने केलं, माझ्या बोलण्याने नाही. की थोडं माझ्या बोलण्यानेही? मला ते वेगळं काढता येत नाही.

दादा म्हणतो, पूर्वी डॉक्टरही सांगत नसत. बरोबर आहे. १९६१ साली अमेरिकेत डोनाल्ड ओकेन यांनी केलेल्या पाहणीत जवळपास ९० टक्के डॉक्टर कॅन्सरचं निदान रुग्णाला न सांगण्याच्या बाजूचे होते. १९७९च्या तशाच पाहणीत ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. मधल्या काळात उपचार सुधारले, आणि रुग्णाला विचारायला हवं ही समजही रुजली.

पण बाबांच्या वेळी त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं होतं, "मला काही सांगू नका, हिच्याशी बोला." तेव्हा मी चिडले होते, प्रत्येकाला सगळं कळलंच पाहिजे म्हणून. पुढे जागतिक वैद्यकीय संघटनेचा रुग्णहक्कांचा लिस्बन जाहीरनामा वाचला. स्पष्ट सांगून माहिती नाकारण्याचा हक्कही त्यात रुग्णाला दिलाय, आणि आपल्या वतीने कोणाला सांगायचं हे ठरवण्याचाही. म्हणजे बाबांनी त्यांचं ठरवलं होतं. आईचं मात्र आम्ही परस्पर ठरवत होतो. ती नको म्हणाली असती, तर मी थांबले असते.

मामा विचारतात, केमो घेतली असती तर आणखी काही महिने मिळाले असते ना? कदाचित मिळाले असते. ते महिने तिचे होते, असं मी म्हणते. आमचेही होते, असं दादा म्हणतो, आणि त्याचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही.