ताश रबातची खिंड, घोड्यांचे पैसे आणि प्लेगची थडगी

किर्गिझस्तानात चीनच्या सीमेजवळच्या चातिर-कुल तलावापर्यंत जायचं असेल तर सीमाभागाचा परवाना लागतो. हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण आम्हाला ते अलीकडच्या दरीत, ताश रबात या जुन्या दगडी सराईपाशी पोहोचल्यावर कळलं. राजधानी बिश्केकच्या ज्या एजंटाकडून गाडी आणि मुक्काम ठरवला होता, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं की परवाना फक्त चीनच्या बाजूने येणाऱ्यांना लागतो, तुम्ही बिनधास्त जा. युर्ट, म्हणजे मुक्कामाचे गोल तंबू, चालवणाऱ्या बाईंनी रात्री शोरपो म्हणजे मटणाचं सूप वाढता वाढता सहज विचारलं, "प्रोपुस्क, म्हणजे परवाना, आहे ना?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. तलावाच्या वाटेवरच्या खिंडीच्या माथ्यापर्यंत जा, पलीकडे उतरू नका, सैनिक अडवतात, एवढं सांगून त्या पातेलं घेऊन निघून गेल्या. एजंटाला फोन लावावा तर त्या दरीत रेंज नाही.

तेव्हा निघण्याच्या महिनाभर आधी पासपोर्टची प्रत पाठवून परवाना काढायला लावा आणि त्याचा कागद हातात पडल्याशिवाय नारिन, म्हणजे वाटेतलं शेवटचं मोठं गाव, सोडू नका. फोनमधला फोटो, 'होऊन जाईल', 'माझी ओळख आहे' यातलं काहीही चालवून घेऊ नका.

आता आम्ही किर्गिझस्तानात कशाला कडमडलो ते. जुन्या व्यापारी वाटांचा नाद, दुसरं काय. २०२२ साली बातम्या आल्या होत्या की चौदाव्या शतकात युरोप उजाड करणाऱ्या प्लेगचा माग किर्गिझस्तानातल्या काही थडग्यांपाशी लागला. सगळीकडे एकच वाक्य होतं: इस्सिक-कुल तलावाजवळ. त्यावरून आम्ही मुक्काम तलावाकाठी ठरवले, आणि तिथे गेल्यावर स्थानिक माणसाने डोक्याला हात लावला. ती दोन्ही दफनभूमींची ठिकाणं तलावाकाठी नाहीतच. एक बिश्केकच्या अगदी लगत, कारा-जिगाच गावाजवळ, आणि दुसरं तोकमोकजवळच्या बुरानाला. दोन्ही चुय खोऱ्यात. तलाव तिथून बोओम घळ ओलांडून शंभराहून जास्त किलोमीटर पलीकडे. बातमी लिहिणाऱ्यांनी नकाशा उघडला असता तर आमचं एक उलटं चक्कर वाचलं असतं. तुम्ही बुराना आधी करा, बिश्केकहूनच.

कारा-जिगाचला जाऊ नका. दाखवण्यासारखं काही नाही. टॅक्सीवाला 'प्लेग प्लेस' म्हणत उत्साहाने नेतो, शेताच्या कडेला उभं करतो आणि थांबण्याचे वेगळे पैसे मागतो. तिथलं खोदकाम १८८५ ते १८९२ च्या दरम्यान रशियनांनी केलं आणि कवट्या सेंट पीटर्सबर्गला नेल्या. सव्वाशे वर्षांनी त्याच कवट्यांच्या दातांमधून जंतूचा डीएनए मिळाला. म्हणजे जे बघायचं ते तिथून कधीच हललंय.

बुरानाला मात्र वेळ द्या. लोक मिनारावर चढतात, फोटो काढतात, अर्ध्या तासात गाडीत. मिनार अकराव्या शतकातला, कराखानी राजांच्या बालासागून शहराचा. मूळची उंची ४५ मीटरच्या आसपास होती, भूकंपांनी पाडून आता २५ उरलीय. आतला जिना अंधारा, अरुंद, पायऱ्या गुडघाभर, आणि वरून उतरणारा भेटला की दोघांपैकी एकाने मागे सरायचं. ज्यांना बंद जागेत गुदमरतं त्यांनी खालीच थांबावं, वरून फार वेगळं काही दिसत नाही.

खरी गोष्ट शेजारच्या लहानशा संग्रहालयात आहे. नदीतले गोटे, त्यांवर क्रूस कोरलेला, भोवती सिरियाक लिपीतल्या ओळी. ही पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाची थडगी. पंथाचं मूळ इराक-इराणकडे, लिपी तिकडचीच, पुरलेल्या माणसांची नावं बरीचशी तुर्की, आणि सालं दोन-दोन: एक सेल्युकस या जुन्या ग्रीक राजाच्या शकाचं, दुसरं वाघ-ससा अशा प्राण्यांच्या बारा वर्षांच्या फेऱ्यातलं. एवढं सगळं एका गोट्यावर मावतं! याच खोऱ्यात थोडं पश्चिमेला आक-बेशीम आहे, म्हणजे जुनं सुयाब. ह्युएनत्संग भारताकडे येताना ६३० च्या सुमाराला तिथे तुर्क खानाला भेटला होता. तिथे बौद्ध मंदिरं सापडली आणि ख्रिस्ती चर्चही. नंतर कराखान्यांनी इस्लाम स्वीकारला आणि मिनार उभे राहिले. धर्म इथे मुख्यतः सैन्याबरोबर आले असतील असं मला वाटायचं. पण सुयाबसारखी गावं वसवली ती समरकंदकडच्या सोग्दी व्यापाऱ्यांनी, आणि पुजारी, भिक्षू, पाद्री त्यांच्याच तांड्यांच्या आधाराने चालले. जिथे मालाला गिऱ्हाईक, तिथे मंदिर.

आणि मग १३३८. या दोन दफनभूमींतल्या साल नक्की वाचता येणाऱ्या ४६७ दगडांपैकी ११८ दगड एकट्या १३३८-३९ चे आहेत. काहींवर कारणही कोरलंय. एकावर लिहिलंय की हे श्रद्धावान सानमकचं थडगं, वर्ष वाघाचं, तो साथीत गेला. थडग्यांत हिंदी महासागरातले मोती आणि भूमध्य समुद्रातलं पोवळं सापडलं होतं. समुद्र कधी पाहिला नसेल अशा लोकांच्या अंगावर दोन समुद्रांचा माल. ज्या हातांतून मोती आले, तशाच हातांतून पुढे प्लेगही गेला असावा: १३४६ ला क्रिमियातल्या काफा बंदरात, १३४७ ला जहाजांतून सिसिलीत मेस्सिनाला. थडग्यांपासून काफा तीन हजार किलोमीटरहून लांब. सगळं अंतर कापणारा एकच तांडा कुणी शोधू नये. माल टप्प्याटप्प्याने हात बदलायचा, आणि उंदीर व पिसवा त्याच्याबरोबर.

आमच्यातला डॉक्टर मित्र या दगडांपुढून हलायला तयार नव्हता. त्याने सांगितलेलं इथे देतो, कारण आपल्याशी थेट संबंध आहे. दातांत सापडलेला जंतू हा पुढे फुटलेल्या चार फांद्यांच्या मुळाशी बसतो. त्यातल्या एका फांदीने युरोपात काळा मृत्यू आणला, आणि त्याच फांदीचा खूप पुढचा वंशज १८९६ साली हाँगकाँगकडून समुद्रमार्गे मुंबईला उतरला. मुंबई-पुण्याने पुढे जे भोगलं, हाफकिनची लस, रँडची तपासणी पथकं, त्या सगळ्याची भाऊबंदकी या खोऱ्याशी पोहोचते.

इस्सिक-कुलचे दिवस छान गेले. तलाव १६०७ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर आपण पोहतो. पाणी गार, जर्दाळू गोड, नान ताजी. पुढे चला.

नारिन. इथे पैशाचं सांगतो. सोम हे तिथलं चलन आणि आपला रुपया किमतीला जवळजवळ सारखे आहेत, त्यामुळे हिशोब डोक्यात चटकन होतो आणि फसवणूकही चटकन कळते. नारिनहून ताश रबातला साधी बस जात नाही. शेअर टॅक्सी आत-बाशीपर्यंत मिळते, पुढे मुख्य रस्ता चीनच्या सीमेवरच्या तोरुगार्त घाटाकडे जातो आणि फाट्यावरून आत पंधरा किलोमीटर कच्चा रस्ता. आमच्या टॅक्सीवाल्याने भाडं 'ताश रबात' म्हणून ठरवलं आणि फाट्यावर गाडी थांबवून म्हणाला, ठरलं ते इथपर्यंतचं. आतले पंधरा किलोमीटर वेगळे, आणि त्यांचं भाडं नारिनपासूनच्या अर्ध्या प्रवासाएवढं. वारा असा की उभं राहवत नाही, सामान त्याच्या डिकीत. काय करणार, दिले. तुम्ही भाडं ठरवताना 'दगडी सराईच्या दारापर्यंत, परतीसह, थांबण्यासह' असं रशियनमध्ये फोनवर लिहून त्याला दाखवा आणि निम्मे पैसे परतल्यावर द्या. एटीएम नारिनलाच वापरा. आत कार्डाचा उपयोग नाही.

ताश रबात ही दगडी सराई ३२०० मीटरवर, अर्धी डोंगरात शिरलेली, मध्ये घुमट आणि भोवती तीसेक खोल्या. बघायला एक तास पुरतो. डोक्याला लावायचा टॉर्च न्या, आत मिट्ट काळोख आणि भर ऑगस्टात फ्रीजसारखी गारठ. वाटाडे छातीठोकपणे सांगतील की मार्को पोलो इथे झोपला होता. खोटं आहे. तो १२७० च्या दशकात पामीरवरून आजच्या चीनमधल्या काश्गरला गेला, आणि आज दिसते ती इमारत पंधराव्या शतकातली मानतात. त्याआधी इथे ख्रिस्ती मठ होता असं काही अभ्यासक म्हणतात, पण भिंतींवर त्याची खूण शोधत बसू नका. थडगी बघून इथे या म्हणतो ते यासाठी की साथ येऊन गेल्यावरही वाट बंद पडली नाही, उलट शंभरेक वर्षांत कुणीतरी एवढी भक्कम सराई बांधण्याइतका पैसा त्यावर लावला, हे उभं राहून पटतं.

आता खिंड. सहलीतला सगळ्यात वाईट तुकडा हाच. दरीतून ओढ्याच्या काठाने वाट हळूहळू चढते, ओढा पुन:पुन्हा ओलांडावा लागतो, सकाळी पाणी घोट्यापर्यंत आणि दुपारी बर्फ वितळून गुडघ्यापर्यंत. इथवर राजगड-तोरणा करणाऱ्या कुणालाही काही वाटणार नाही. शेवटची चढण मात्र निसरड्या पाटीच्या दगडांची. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली. माथा जवळपास ४००० मीटर. दम लागणं वेगळं आणि इथे होतं ते वेगळं: पाय ठीक असतात, डोकं ठणकतं, पोटात ढवळतं. नारिन २००० मीटरवर, तिथून गाडीने एका दुपारी ३२०० ला आणि दुसऱ्या सकाळी ४००० ला, हा एजंटाने आखलेला बेत शुद्ध मूर्खपणाचा आहे. आमच्यातली सगळ्यात तंदुरुस्त मुलगी, दर रविवारी सिंहगड पळत चढणारी, माथ्याच्या खाली ओकली आणि परत फिरली. सराईपाशी एक जादा दिवस काढा, आसपासच्या टेकड्या चढा, मग खिंड. उंची मानवली नाही तर खाली उतरणं हेच औषध.

दगडांवर बसून मी हिशोब करत होतो: उंटावर दीडशे-दोनशे किलो, दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर, आणि मध्ये असल्या खिंडी. धान्य कोण आणणार इथून लांबचं? वजनाला हलकं आणि किमतीला भारी तेवढंच परवडणार. रेशीम, मोती, औषधी, कस्तुरी. आज तोरुगार्तच्या रस्त्याने चिनी मालाचे ट्रक धडधडत जातात आणि बिश्केकच्या दोर्दोय बाजारात रिकाम्या कंटेनरांचीच दुकानं झालीत. तिथे प्लास्टिकच्या बादल्यासुद्धा परवडतात.

घोडा घ्यावा का? वय पन्नाशीपुढे असेल किंवा डोकं आधीच दुखत असेल तर घ्या. पण ठरवताना विचारा: वाटाड्याच्या घोड्याचे पैसे कोण देणार? आम्ही दोन घोडे ठरवले, परतल्यावर हिशोब चार घोड्यांचा निघाला. वाटाड्याचा एक, आणि 'सामानाचा' म्हणून एक, ज्यावर सामान म्हणजे वाटाड्याचाच कोट होता. वर शेवटच्या दगडी चढणीवर घोडे नेतच नाहीत, तिथे उतरून चालावंच लागतं. म्हणजे जिथे गरज तिथे घोडा नाही, आणि पैसे मात्र पुरे. भांडून एका घोड्याचे वाचवले.

माथ्यावरून चातिर-कुल दिसला. लांबवर, सपाट, निळा, त्यामागे चीनकडच्या रांगा. परवाना नसल्यामुळे तिथूनच मागे वळलो. त्या क्षणी मी एजंटाला जे म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही.

दरीत जागोजागी बिळांपाशी मार्मोट, म्हणजे मोठ्या खारीसारखे प्राणी, उभे राहून शिट्या मारतात. गुबगुबीत, गोंडस. त्यांच्याजवळ जाऊ नका, बिळांजवळ तंबू ठोकू नका, आणि मेलेला दिसला तर लांबूनच वळा. प्लेगचा जंतू तिएनशानच्या मार्मोटांत अजूनही आहे, आणि २०१३ साली याच देशात एक पंधरा वर्षांचा मुलगा गाठीच्या प्लेगने गेला. आता औषधं आहेत, वेळेत घेतली तर माणूस बरा होतो. तिथून परतल्यावर आठवड्याभरात ताप आणि काखेत किंवा जांघेत गाठ आली तर डॉक्टरला कुठे गेला होतात ते स्वतःहून सांगा. पुण्यातल्या डॉक्टरच्या मनात ते येणार नाही.

शाकाहारींचं: युर्टमध्ये नान, कायमाक म्हणजे जाड साय, मुरंबा आणि चहा मिळतो. बाकी मटण. थेपले आणि मेतकूट न्या. बिश्केकमध्ये आपल्याकडची बरीच मुलं एमबीबीएसला आहेत, त्यांच्यासाठी भारतीय खानावळी आहेत, तिथे पोटभर जेवून घ्या. रात्री युर्टमध्ये शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी पेटवतात, ती पहाटे दोनला विझते. स्लीपिंग बॅग शून्याखाली चालणारी हवी, युर्टवाल्यांच्या दुलयांवर विसंबू नका.

तिथे जायचंच असेल तर जुलै-ऑगस्ट. जूनच्या सुरुवातीला माथ्यावर बर्फ असतो. आणि एजंटाला परवान्याबद्दल विचाराल तेव्हा एवढंच म्हणा: पैसे परवान्याचा कागद बघितल्यावर. आमचा एजंट अजून फोन उचलत नाही.