जवळ न्यायला नकार देणारा गाइड

बोर्निओ बेटाच्या टूरला येणारे बहुतेक जण ओरांगउटानच्या ओढीने येतात. किनाबातांगान नदीतली बोटफेरी त्यांच्या लेखी संध्याकाळचा विरंगुळा. टूर मॅनेजर म्हणून तिथे ग्रुप नेणाऱ्या माझं मत नेमकं उलटं आहे. मलेशियाच्या साबा राज्यात एकच जागा बघायची असेल, तर मी सुकाऊ गावापाशी ही 560 किलोमीटर लांबीची गढूळ नदी निवडेन.

त्या दिवशी चारच्या सुमारास बोट सुटली आणि आधी मेनांगूल या अरुंद उपनदीत शिरली. प्रोबॉसिस माकडं रात्रीच्या मुक्कामाला काठावरच्या झाडांवर येतात, म्हणून वेळ संध्याकाळची. एक दांडगा नर फांदीवर पाय सोडून बसला होता. नाक ओठांवर लोंबणारं, पोट सुटलेलं. "याला कुणीतरी डाएट सांगा," एक काका म्हणाले आणि बोटभर हशा पिकला. खरं तर ते पोट पानं पचवण्यासाठी आहे. जठराला अनेक कप्पे असतात. पिकलेली गोड फळं खाल्ली तर ती आत आंबून पोट फुगतं.

मुख्य नदीत परतलो तेव्हा पुढच्या वळणावर बोटींची गर्दी दिसली. हत्ती! बोर्निओचे हत्ती आपल्याकडच्यापेक्षा ठेंगणे, शेपटी लांबलचक. गवत खाता खाता कळप पाण्यात उतरला आणि पलीकडे निघाला. थोड्याच वेळात पाण्यावर नुसती डोकी आणि वर काढलेल्या सोंडा राहिल्या. दोन माद्यांच्या मधे एक पिल्लू.

बाकीच्या बोटी सरळ समोरच्या काठाला जाऊन लागल्या. हत्ती बाहेर पडताना फोटो तिथूनच उत्तम मिळणार ना! आमच्या गाइडने मात्र बोट मागे घेतली.

"अहो, जवळ घ्यायला सांगा त्याला. एवढे पैसे कशाला भरलेत?" काकांचा आवाज चढला. मी गाइडकडे पाहिलं. त्याने नुसती मान हलवली. त्या नदीवर वाढलेल्या माणसापुढे माझं शहाणपण चालवायचा प्रश्नच नव्हता. "काका, बोट इथेच थांबणार," मी म्हटलं. काका गप्प बसले, पण घुश्शातच.

पुढची मादी काठाजवळ पोचली आणि अडली. बाकी सगळीकडे चिखलाची उभी दरड. चढण्याजोगा उतार एकच, आणि तिथेच बोटी. ती पाण्यात वळली. पिल्लू प्रवाहाबरोबर खाली सरकायला लागलं, तशी दुसरी मादी त्याला अंगाने अडवत राहिली. आमचा गाइड उभा राहून दोन्ही हात हलवत मलयमध्ये ओरडला. एक बोट हलली, मग दुसरी. उतार मोकळा झाल्यावर मादी वर चढली. पिल्लू चिखलात दोनदा घसरलं, तेव्हा मागचीने त्याच्या ढुंगणाला कपाळ लावून वर ढकललं. आमच्या बोटीत टाळ्या पडल्या. गाइडने तोंडावर बोट ठेवलं.

परतताना एक काकू म्हणाल्या, "इथे किती सहज दिसतात हो प्राणी! आपल्याकडे जीपमधून दिवसभर फिरा, वाघाचा पत्ता नाही." गाइडला मी ते सांगितलं. तो म्हणाला, या झाडीच्या मागे जाऊन बघा. तिथे पामतेलाच्या बागा आहेत. 2005 मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 26,000 हेक्टरचं, पण तेही दहा तुकड्यांत. काही ठिकाणी तर काठाने झाडांची नुसती पट्टी उरलीय. हत्ती, माकडं, धनेश, सगळी त्या पट्टीत दाटीवाटीने राहतात, म्हणून बोटीतून दिसतात.

आता हे सगळं मी संदाकान शहराहून सुकाऊला जाताना बसमध्येच सांगतो. खिडकीबाहेर तेव्हा मैलोन् मैल पामच असतो, वेगळं काही दाखवावं लागत नाही. बोट किती अंतरावर थांबेल, तेही तिथेच सांगून टाकतो. एखादे साहेब म्हणतात, सहलीला आलोय, मूड कशाला घालवता? म्हणू देत.