आमची वाटचाल : बाल्कनीतल्या व्हिक्टरीपासून स्वतःच्या मचव्यापर्यंत

लाकडी जहाजांच्या मॉडेलची किट विकण्याचा धंदा कसा सुचला असं लोक नेहमी विचारतात, तर एक जहाज अर्धवट राहिलं म्हणून सुचला. 2014 ला मोठ्या भावाने दुबईहून येताना माझ्यासाठी एचएमएस व्हिक्टरीचं किट आणलं. ब्रिटिश अॅडमिरल नेल्सनचं ते 104 तोफांचं जहाज, 1765 साली पाण्यात उतरवलेलं, खोक्यावरचं चित्र बघूनच माणूस खुळा होतो. डोंबिवलीच्या बाल्कनीत रोज रात्री जेवण झालं की बसायचो. बल्कहेड (जहाजाच्या आतले आडवे सांगाडे) उभे केले, भर जुलैत त्यांच्यावर लाकडी पट्ट्या चिकटवल्या, आधी एक बाजू पूर्ण केली आणि मग दुसरी घेतली. डिसेंबरात बघतो तर कील, म्हणजे जहाजाचा तळाचा कणा, केळ्यासारखी वाकलेली आणि पट्ट्यांमध्ये नख जाईल एवढ्या फटी. पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगलेलं असतं, हवा कोरडी झाली की ते आकसतं, आणि पट्ट्या डावी-उजवी अशा जोडीने लावल्या नाहीत की कणा एका बाजूला ओढला जातो. हे तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं. आजही ते जहाज वर्कशॉपमध्ये आहे, नवीन येणाऱ्याला मी आधी तेच दाखवतो.

2016 ला मी आणि बायकोने मिळून फर्म काढली. सुरुवातीला फक्त इम्पोर्ट, स्पेनचं आर्टेसानिया लॅटिना, ऑक्रे, इटलीचं अमाती अशा कंपन्यांची किट, एकेका वेळी चार-पाच खोकी मागवायची आणि विकली की पुढची. फोन यायचे ते सगळे तीन डोलकाठ्यांच्या मोठ्या जहाजांसाठी, आणि आम्ही म्हणायचो पहिलं असेल तर नका घेऊ. गिऱ्हाईक तुटायचं, बायको म्हणायची अरे विकून टाक ना, पण मला माहिती होतं की ते खोकं तीन महिन्यांनी माळ्यावर जाणार आणि तो माणूस पुन्हा या छंदाकडे वळणार नाही. लोकांना वाटतं दोऱ्या आणि शिडं अवघड. तसं नाही हो, दोऱ्यांपर्यंत पोचतातच थोडे, बहुतेक जण प्लँकिंगमध्येच, म्हणजे पट्ट्या लावण्यातच, थांबतात.

म्हणून किट निवडताना तोफा मोजू नका, नाळेचा (जहाजाच्या पुढच्या टोकाचा) आकार बघा. व्हिक्टरीसारखी गोल फुगीर नाळ असली की पट्टीला कमी जागेत मोठं वळण घ्यावं लागतं, आणि ब्लूनोजसारखी निमुळती असली (कॅनडाची 1921 ची स्कूनर, दोन डोलकाठ्या, तोफ एकही नाही) तर पट्टी बऱ्यापैकी ऐकते. अगदी पहिल्यांदा करणाऱ्याला तर मी मासेमारीची डोरी (सपाट तळाची छोटी होडी) सांगतो, रुंद फळ्या असतात आणि त्याही मोजक्याच. दुसरं म्हणजे प्लँकिंग दुहेरी आहे का ते विचारा. आतला थर लिंडन किंवा बासवूडसारख्या मऊ लाकडाचा असतो, तो घासता येतो, भरता येतो, त्याच्या चुका वरच्या अक्रोडाच्या पातळ थराखाली जातात. एकेरी थरात चूक झाकायला जागाच नाही.

आता पट्टीचं गणित, कारण सगळं यातच आहे. मधल्या बल्कहेडवर कागदाची पट्टी गुंडाळून डेकपासून कीलपर्यंत मापलं, समजा 95 मिलिमीटर भरलं, आणि आपली पट्टी 5 मिलीची, म्हणजे 19 पट्ट्या. नाळेजवळच्या बल्कहेडवर तेच माप 57 मिली भरलं तर तिथे प्रत्येकीला 3 मिलीच जागा, म्हणजे प्रत्येक पट्टी पुढे 5 वरून 3 पर्यंत तासायचीच. न तासता रेटली की तिची कड उचलते आणि हल (जहाजाचं धड) खवल्यांसारखा दिसायला लागतो. पट्टी अर्ध्या रुंदीपेक्षा बारीक करायची नाही, तशी वेळ आली तर दोन पट्ट्यांच्या जागी एकच पुढे न्यायची. मागच्या बाजूला उलटं, तिथे जागा उरते, मग पाचरीसारखा तुकडा घालायचा. आणि हे सगळं करायच्या आधी बल्कहेडच्या कडा तिरक्या घासून घ्यायच्या, एक पट्टी आडवी टेकवून उजेडात धरायची, खालून उजेड दिसला तर अजून घासा. या कामात कंटाळा केला तर पुढचं काहीच नीट बसत नाही.

2018 ला सासुरवाडीला वेंगुर्ल्याला गेलो होतो तेव्हा किनाऱ्यावर होडी बांधणाऱ्या एका मेस्त्रींना माझा अर्धवट हल दाखवला. त्यांनी एक बोट पट्ट्यांवरून फिरवलं आणि म्हणाले, "फळयेक जबरदस्ती करू नको, ती खय जाता ती आधी बघ." त्या दिवसापासून मी आधी सुकी पट्टी टेकवून सोडून देतो, ती आपोआप कुठे झुकते तिथे पेन्सिलची खूण करतो, मगच फेविकॉल.

मग 2020 आलं. बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 20 वरून 60 टक्के झाली, आपली मॉडेलही त्याच हेडिंगखाली येतात, आणि पाठोपाठ लॉकडाऊन. आमचा इम्पोर्ट जवळपास बंदच पडला. (2023 ला ती ड्युटी 70 झाली.) तेव्हा ठरवलं की आता आपलं किट आपणच कापायचं. मेस्त्रींच्या परवानगीने एका मचव्याची (कोकणातली लाकडी होडी) मापं घेतली, फूटपट्टी, ओळंबा आणि वही एवढंच होतं, आणि 1:24 मध्ये, म्हणजे मूळच्या चोविसाव्या भागाएवढा, उतरवला. बल्कहेड 4 मिली प्लायमधून लेझरवर कापतो. पट्ट्यांसाठी आधी सागवान वापरलं कारण खरा मचवा सागाचा, पण सागाचा रेषा मोठा, लहान मापात तो ओबडधोबड दिसतो आणि पातळ पट्टी वाकवताना चिरते. शेवटी हळदूच्या लाकडावर आलो, बारीक रेषा, पिवळसर रंग, पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून गरम इस्त्रीच्या टोकावर सावकाश वळवला की वळतो. पट्ट्या महिनाभर सावलीत ठेवल्याशिवाय पॅक करत नाही, आणि पावसाळ्यात लाकूड कापणं बंद म्हणजे बंद.

त्याच्यासोबत नुसत्या नाळेचा एक सरावाचा तुकडाही देतो, सात पट्ट्या लावायच्या, बिघडला तर नवीन पट्ट्या आम्ही फुकट पाठवतो. काही लोकांनी तीन-तीन वेळा मागवल्यात, आनंदाने पाठवल्या.

आता रोज विचारणा होते कान्होजी आंग्र्यांच्या गुराबेची (लढाऊ जहाजाची). करायची आहे, मनापासून करायची आहे, पण नुसत्या चित्रावरून फासळ्या कापून तिला आंग्र्यांची गुराब म्हणणं आम्हाला पटत नाही. त्याआधी ट्रिंकोमाली या ब्रिटिश युद्धनौकेच्या मॉडेलवर काम सुरू केलंय. मुंबई गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, 1817 ला पाण्यात उतरलेली, आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतेय. तिची नाळ गोल आहे, म्हणून पहिल्या तीन बल्कहेडच्या मधे लाकडाचे ठोकळे भरून बघतोय, पट्टीला टेकायला जागा मिळावी म्हणून. दोन हल फुकट गेले, तिसऱ्याची डावी बाजू काल रात्री अकराव्या पट्टीपर्यंत आली, उजवी दहाव्या. आज आधी उजवी.