बर्फातला प्रवास: आम्ही दोघी आणि मोत्या

ऐन थंडीत बर्फाच्या रस्त्याने तीन दिवस गाडी हाकायची, तीही ९ वर्षांच्या कुत्र्याला घेऊन, हे कळल्यावर जो तो एकच विचारत होता: त्याला कुणाकडे तरी ठेवून का नाही जात? मोत्या माझ्या मैत्रिणीचा. आदल्या वर्षी ती आजारी होती तेव्हा हा महिनाभर तिच्या पलंगाखालून हलला नव्हता. त्याला मागे ठेवण्याचा विषय आमच्यात निघालाच नाही.

तयारी करताना मात्र आमचं सगळं लक्ष गाडीकडे होतं. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होतं आणि रस्त्यावरची पकड सुटते, म्हणून बर्फाचे टायर चढवले. बॅटरी तपासून घेतली. थंडीत तिची ताकद घटते आणि इंजिनातलं तेल घट्ट झाल्यामुळे नेमका तेव्हाच तिला जास्त जोर लावावा लागतो. फावडं, दोर, टॉर्च, पांघरुणं, सगळं घेतलं. मोत्यासाठी काय, तर त्याचं खाणं आणि पट्टा!

निघण्याच्या दोन दिवस आधी पशुवैद्यांकडे गेलो, हे बरं झालं. त्यांनी चार गोष्टी बजावल्या. गाडीत त्याला मोकळा बसवू नका. अंगात घालायचा हार्नेस सीटबेल्टला अडकवा, गळ्यातला पट्टा नको, कारण गाडीला झटका बसला तर सगळा ताण मानेवर येतो. निघण्याआधीचे तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका. दर दोन तासांनी खाली उतरवा. आणि थंडीत कुत्री पाणी कमी पितात, तिकडे डोळा ठेवा. पहिल्या तीन गोष्टी आम्ही काटेकोर पाळल्या. चौथी कानाआड गेली.

पहिला दिवस सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करताच टायरमधली हवा कमी असल्याचा दिवा लागला. मी घाबरून चारही चाकांना पंक्चर शोधत बसले. पंक्चर नव्हतंच. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधला दाब सुमारे १ पीएसआयने कमी होतो, आणि रात्रीत पारा बराच घसरला होता. हवा भरली, दिवा विझला.

त्याच दुपारी पेट्रोल भरायला थांबलो, तर मोत्या एका हिरवट डबक्याकडे ओढत निघाला. मैत्रिणीने पट्टा असा हिसडला की तो केकाटला. कुठल्या तरी गाडीतून गळलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रावण होतं ते. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागतं आणि थोडंसं पोटात गेलं तरी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. त्याने तोंड लावलं नव्हतं, आम्ही दोघींनी पाहिलं होतं. तरी मैत्रिणीने त्याच्या मिशा आणि पंजे पुसून काढले आणि मग बराच वेळ ती त्याच्याजवळ नुसती उकिडवी बसून राहिली.

संध्याकाळी चालता चालता मोत्या थांबला. आधी पुढचा उजवा पाय उचलला, तो टेकवून डावा उचलला. मला वाटलं हट्ट करतोय. टॉर्च लावून पंजा उलटा केला, तर बोटांच्या मधल्या केसांत हरभऱ्याएवढे बर्फाचे गोळे घट्ट अडकलेले. चालताना प्रत्येक पावलाला ते आतल्या नाजूक कातडीत रुतत असणार. मी एक गोळा ओढायला गेले, तशी मैत्रीण म्हणाली, "अगं थांब, ओढू नकोस, केस उपटतील त्याचे." मग तिने हातमोजे काढले आणि एकेक पंजा दोन्ही तळहातांत धरून बसली. बर्फ तिच्या हातांच्या उबेने हळूहळू सुटला. तिची बोटं लालभडक झाली होती. शिवाय बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पंजाच्या गाद्यांना भेगा पडल्या होत्या. त्यानंतर नेमच ठरवला: उतरवण्याआधी पंजांना व्हॅसलीन, परत आल्यावर कोमट पाण्याने धुणं, आणि बोटांच्या फटी कोरड्या होईपर्यंत पुसणं. बोटांमधले केसही कातरले. हे घरूनच करून निघायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी घाटात पुढे अपघात झाला आणि रस्ता बंद झाला. मागे गाड्यांची रांग, वरून बर्फ, अंधार पडत आलेला. तिथे आम्ही पाच तास अडकलो.

इंजिन सतत चालू ठेवायचं नाही हे आम्हाला माहीत होतं. मागचा धूर सोडणारा नळ बर्फाने बुजला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीत शिरतो, त्याला ना वास ना रंग. म्हणून तासातून १० मिनिटं इंजिन, आणि प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी खाली उतरून फावड्याने नळाभोवतीचा बर्फ काढायचा. हे काम माझ्याकडे होतं. वारा नव्हता त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवली. मैत्रीण मागच्या सीटवर मोत्याला कुशीत घेऊन, दोघांवर पांघरूण ओढून बसली. कुत्र्याचं अंग एरवीही आपल्यापेक्षा एखाद-दीड अंशाने जास्त गरम असतं, त्या रात्री त्या उबेचाच आधार होता.

तिसऱ्या तासाला ती म्हणाली, "ह्याने आज पाणी कधी प्यायलं गं?"

मला आठवेना. तिलाही आठवेना. सकाळपासून दर थांब्याला वाटी पुढे ठेवली होती, तो हुंगून मान फिरवायचा आणि आम्ही वाटी उचलून ठेवायचो. तिने त्याचा ओठ वर करून हिरड्यांवर बोट फिरवलं. एरवी ओल्या, गुळगुळीत असणाऱ्या हिरड्या बोटाला चिकटत होत्या. मी बाटली उघडली तर पाण्यात बर्फाचा चुरा झालेला. असलं पाणी तो कसा पिणार होता?

थर्मासमध्ये आमच्यासाठी गरम पाणी उरलं होतं. ते थंड पाण्यात मिसळून हाताला कोमट लागेल असं केलं आणि त्यात त्याच्या खाण्यातले चार दाणे भिजवले. वाटीला त्याने तोंड लावलं नाही. मैत्रिणीने ओंजळ पुढे केली, तशी आधी तिची बोटं चाटली, मग दाणे उचलले, आणि मग लपालपा पाणी प्यायला लागला. मी वरून ओतत होते, ती ओंजळ धरून होती. आमच्या वाटणीचं सगळं पाणी त्याने संपवलं.

"पी बाळा, पी," ती म्हणत राहिली. पुढच्या गाड्यांचे दिवे एकेक करून लागायला लागले, तरी तिने ओंजळ खाली घेतली नाही.