लक्षद्वीपची पांढरी वाळू

आज सोलापुरात शाळेत नववीला लक्षद्वीप शिकवत होतो. "सर, तिथली वाळू एवढी पांढरी कशी?" एकीने विचारलं. धडा राहिला बाजूला, पोपटमाशाचाच विषय निघाला! त्या वाळूत त्याचाही वाटा आहे. दात जुळून झालेल्या चोचीने तो प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, सोबत चुनखडीही गिळतो. घशातल्या दातांच्या जात्यात तिचं पीठ होतं आणि विष्ठेतून बारीक वाळू पडते. डोक्यावर टेंगूळ असलेली सर्वात मोठी जात १.३ मीटरपर्यंत वाढते, एकेक मासा वर्षाला ५ टनांहून जास्त प्रवाळ खातो. शेवाळ हटलं की नव्या प्रवाळाला जागा मिळते, म्हणून या माशांची बेसुमार मासेमारी मला फार खुपते. काही जाती रात्री स्वतःभोवती चिकट कोष करून झोपतात, हे ऐकून मागच्या बाकावरची पोरंही पुढे आली. उद्या त्यांना व्हिडिओ दाखवणार आहे.